मुंबईतील आपली धम्मयात्रा

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत आम्ही दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनी काहीतरी बोलावं, असा समितीचा आग्रह झाला. विद्वानांची भाषणं आपण नेहमीच ऐकतो. आम्ही काही इतिहासाचे प्राध्यापक नाही. आम्ही याच विहारातले काही उपासक आणि उपासिका. गेली काही वर्षे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही या मुंबई शहरातली जुनी लेणी, स्मारके आणि श्रद्धास्थाने पाहायला जातो. कधी दहा जण असतो, कधी तीस. त्या फिरण्यातून जे पाहिलं आणि जे समजलं, तेवढंच आपल्यापुढे ठेवणार आहोत.

डिसेंबर महिन्यात आपल्या घरोघरी गावाकडची माणसं येतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर नतमस्तक होतात. दुसऱ्या दिवशी विचारतात, "मुंबईत आणखी काय बघायचं?" आपण काय सांगतो? गेटवे, राणीचा बाग आणि जुहू चौपाटी. त्यात वाईट काही नाही. लेकरांना समुद्र दाखवलाच पाहिजे. पण याच शहरात शंभराहून अधिक लेण्यांचा एक अख्खा डोंगर आहे, जिथे जवळजवळ हजार वर्षे भिक्खू संघ नांदला, हे त्या पाहुण्याला कुणी सांगत नाही. सांगणार कसं? मुंबईत जन्म गेला तरी आपल्यापैकी कितीतरी जण स्वतःच तिथे गेलेले नाहीत.

आता जायचं ठरवलं, तर कसं जायचं? याचं उत्तर सम्राट अशोकाने देऊन ठेवलं आहे आणि ते आपल्या दाराशी सापडलं आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो तुकडा आठव्या शिलालेखाचा. तुकड्यावर मोजकीच अक्षरे उरली आहेत, पण तोच लेख गिरनार, कालसी अशा इतर ठिकाणी पूर्ण मिळतो, म्हणून त्यातला आशय आपल्याला कळतो. अशोक त्यात सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात. इथे विहार म्हणजे आपलं विहार नव्हे, तर हिंडणं, मौजमजा, शिकार. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करायचं, हेही त्याने सांगितलं आहे. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, त्यांना दान द्यायचं. वडीलधाऱ्यांना भेटायचं, त्यांना मदत करायची. त्या त्या भागातल्या लोकांना भेटायचं, त्यांना धम्म सांगायचा आणि त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे करायची.

बघा, या यादीत नारळ फोडणं नाही, नवस नाही, नुसतं दगडाला हात लावून परत येणंही नाही. भेटणं, देणं, विचारणं ही तीन कामं आहेत. आम्ही आमच्या फिरण्याला हीच कसोटी लावतो. एखाद्या ठिकाणी जाऊन आलो आणि कुणाला भेटलो नाही, काही दिलं नाही, काही विचारलं नाही, तर ती सहल झाली.

सोपाऱ्यापासूनच सुरुवात करू. नालासोपारा मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर असला, तरी लोकलच्या हद्दीत आहे. स्टेशनला उतरून रिक्षाने स्तूपाच्या जागी जाता येतं. गावातले लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. भगवानलाल इंद्रजींनी एप्रिल १८८२ मध्ये ते खणलं. आत दगडी पेटी सापडली. तिच्यात एकात एक बसवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक होते. सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावं? हिरे-माणकं नव्हती. मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे आहेत, अशा श्रद्धेने कुणीतरी ते जपून ठेवले होते. सोबत सोन्याची फुलं, बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचं चांदीचं नाणं मिळालं. सोन्याच्या डबीत मातीचं खापर! आमच्यातल्या एका ताईंनी ही हकिगत ऐकली आणि म्हणाल्या, "म्हणजे किंमत सोन्याला नव्हतीच." त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

बौद्ध परंपरेत सोपारा हे पूर्ण स्थविराचं गाव मानतात. पाली ग्रंथांत त्याला पुण्ण म्हटलं आहे. आपल्या सुनापरांत देशात धम्म सांगायला निघताना बुद्धांनी त्याची परीक्षा घेतली. लोक शिव्या देतील, मारतील, ठारही करतील, मग काय करशील? प्रत्येक प्रश्नाला त्याने शांतपणे उत्तर दिलं आणि मग त्याला जाण्याची परवानगी मिळाली. आपल्या कोकणपट्टीत धम्म कुणाच्या पावलांनी आला, याची आठवण परंपरेने अशी ठेवली आहे.

सोपाऱ्याला सापडलेले करंडक आणि अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. फोर्टमधल्या टाऊन हॉलच्या त्या भव्य पायऱ्या आपण सिनेमात अनेकदा पाहतो, पण आत सोपाऱ्याचा हा ठेवा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? अशोकाच्या लेखाचा तुकडा पाहायचा तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. तिथेच सिंधमधल्या मीरपूर खास येथील स्तूपाच्या मातीच्या मूर्तीही आहेत. संग्रहालय म्हणजे श्रीमंतांनी आणि गोऱ्या पाहुण्यांनी पाहायची जागा, हा समज आपण मनातून काढून टाकला पाहिजे.

आता कान्हेरी. बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर आत. सोमवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. जुन्या शिलालेखांत या डोंगराचं नाव कण्हसेल किंवा कृष्णगिरी असं येतं, म्हणजे काळा डोंगर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास काम सुरू झालं आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथे वर्दळ होती.

बहुतेक पर्यटक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह पाहतात, व्हरांड्यातल्या बुद्धांच्या दोन प्रचंड उभ्या मूर्तींपाशी फोटो काढतात आणि परततात. चैत्यगृह पाहण्यासारखं आहेच. चौतीस खांब, शेवटी स्तूप, वर कमानदार छत. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र नावाच्या दोन व्यापारी भावांनी ते करवलं. सोपाऱ्याच्या स्तूपात ज्या राजाचं नाणं सापडलं, तोच हा राजा. आमच्याबरोबर आयुष्यभर गवंडीकाम केलेले एक काका होते. त्यांनी खांबांवरून हात न लावता नजर फिरवली आणि काही खांब घडवलेले, काही नुसते ओबड अष्टकोनी ठेवलेले आहेत, हे आधी त्यांनीच दाखवलं. "पैसा संपला असंल न्हाय तर माणसं पांगली असतील," ते म्हणाले. "पण वरून खाली कोरत आलेत. घर बांधताना वीट चुकली तर काढता येते, इथं चुकलं की चुकलं." पाथरवटाचं काम पाथरवटाच्या जातकुळीच्या माणसालाच कळतं. पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण काकांच्या तोंडून ऐकल्यावर मुलं त्या भिंतीकडे पुन्हा वळून बघू लागली.

कान्हेरीचं खरं धन तिथल्या शिलालेखांत आहे. आपल्याला वाटतं, लेणी म्हणजे राजांची कामं. तिथले लेख वाचले की हा समज पुसला जातो. दान देणाऱ्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहेत, गृहस्थ आहेत, त्यांच्या बायका, आया, मुली आहेत, भिक्खू आहेत, भिक्खुणी आहेत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, नाशिकचे लोक आहेत. कुणी अख्खं लेणं दिलं, कुणी बसायचा ओटा, कुणी पायवाट. ज्याची जेवढी ऐपत तेवढं. कुणी काही रक्कम कायमची ठेव म्हणून ठेवली. तिला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल तसंच ठेवायचं आणि व्याजातून भिक्खूंना चीवर द्यायचं. आपण विहाराच्या बांधकाम निधीच्या पावत्या फाडतो ना, त्याच पावत्या दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर फाडलेल्या आहेत. पुढे नवव्या शतकात थेट गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने इथे शंभर द्रम्म दिले, अशीही नोंद आहे. तेव्हा राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याचा अंमल होता. हे सारं दान लेखात एका शब्दात येतं, देयधम. द्यायचा धम्म.

आणि कान्हेरीची पाण्याची टाकी! लेण्यालेण्यापाशी खडकात टाकी कोरली आहेत. पावसाचं पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकातच पन्हळी काढून ते टाक्यांत उतरवलं आहे. टाक्याला लेखात पोढी म्हणतात. कल्याणच्या एका सोनाराने एक पोढी दान दिल्याचा लेख आहे. हे सांगत असताना आमच्यासोबत आलेल्या एका आजी मध्येच म्हणाल्या, "हे पाणी कोण पेयाचं? समदी?"

प्रश्न साधा होता, पण आम्ही सगळेच क्षणभर गप्प झालो. आजींचं बालपण ज्या गावात गेलं, तिथल्या विहिरीवर त्यांना चढता येत नव्हतं. आम्ही सांगितलं, की दान संघाला दिलेलं होतं आणि संघात जात नव्हती. उपाली न्हावी होता, सुनीत रस्ते झाडणारा होता, दोघांनाही बुद्धांनी संघात घेतलं. संघाच्या टाक्यावर कुणाची जात कोण विचारणार? आजी खाली वाकून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिल्या. ज्या मातीत सोनार संघासाठी पाण्याचं टाकं कोरून देत होता, त्याच कोकणच्या मातीत पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. मधल्या काळात काय हरवलं, हे समजून घ्यायचं असेल तर कान्हेरीच्या त्या टाक्यापाशी उभं राहावं, असं आम्हाला वाटतं. तिथे जे कळतं ते व्याख्यानाने कळत नाही. अर्थात आमच्यासुद्धा!

वर चढून गेलात तर आणखी तीन गोष्टी चुकवू नका. एक, चौतिसाव्या लेण्याच्या छतावर बुद्धांचं अपुरं राहिलेलं रंगीत चित्र आहे. दोन, सत्त्याऐंशी क्रमांकाच्या जागी विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत. इथे राहून गेलेल्या थेरांची ती स्मारके. तिथले लेख डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणले आणि कान्हेरीच्या सर्व लेखांवर त्यांनी १९९१ साली ग्रंथ लिहिला. तीन, नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. सन १००९ आणि १०२१ मध्ये पारशी मंडळी इथे येऊन गेली आणि आपली नावं कोरून गेली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही परधर्माचे लोक ही जागा पाहायला येत होते. (त्यांनी नावं कोरली म्हणून आपण कोरावी, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नये!)

कान्हेरी निदान प्रसिद्ध आहे. अंधेरी पूर्वेची कोंडिवटे लेणी मात्र रोज हजारो लोकांच्या बसमधून दिसतात आणि तरी पाहिली जात नाहीत. त्या रस्त्याला महाकाली केव्हज रोड म्हणतात. कंडक्टर ओरडतो "महाकाली", आपण उतरतो आणि कारखान्यात जातो. एकोणीस लेणी आहेत. नवव्या लेण्यात स्तूपाभोवती गोल खोली कोरून तिला दगडी जाळ्या ठेवल्या आहेत. स्तूप असा बंद गोल खोलीत असणं फार जुन्या घडणीचं लक्षण आहे. तिथल्या लेखात गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने भावासह विहार दान दिल्याचं म्हटलं आहे. इथला खडक ठिसूळ, त्यामुळे मूर्ती झिजल्या आहेत. बोरिवलीच्या दत्तपाड्याजवळची मागाठाण्याची लेणी तर याहून वाईट अवस्थेत आहेत. कान्हेरीच्या लेखात मागाठाण्याच्या जमिनीचा उल्लेख येतो, इतकी ती जागा जुनी. आज ती वस्तीने वेढली आहे. दोष त्या वस्तीतल्या माणसांचा म्हणावा, तर तीही आपल्यासारखीच पोटासाठी मुंबईत आलेली. पण आपण निदान जाऊन बघितलं पाहिजे, तिथल्या लोकांशी बोललं पाहिजे, शासनाला पत्रं लिहिली पाहिजेत. ज्या जागेला कुणी भेटच देत नाही, ती जागा नाहीशी झाली तर ओरडणार कोण?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, काहींना ती रुचणार नाही. आपल्यातले काही उत्साही तरुण म्हणतात, डोंगरात कोरलेलं दिसलं की ते आपलंच. तसं नाही. जोगेश्वरीचं लेणं सहाव्या शतकातलं आणि मुळातच शैव. घारापुरीचं मोठं लेणंही शैव, तरी त्याच बेटावर स्तूपाचे अवशेषही आहेत. मंडपेश्वरचं लेणं शैव, पोर्तुगीजांनी तिथे चर्च केलं, मराठ्यांनी साष्टी जिंकल्यानंतर पुन्हा पूजा सुरू झाली. जे आपलं आहे ते पुराव्यानिशी ठामपणे सांगावं. जे आपलं नाही ते ओढू नये. आपल्या लेण्यांवर दुसरं कुणी हक्क सांगतं तेव्हा आपल्याला जो त्रास होतो, तोच त्रास आपण दुसऱ्याला देऊ नये. आपला आधार पुरावा आहे, तोच सोडला तर आपल्या हाती काय उरेल?

आणि परक्या श्रद्धास्थानात जायला आपण भिऊ नये. अशोकाने बाराव्या शिलालेखात सर्व पंथांचा मान राखायला सांगितलं आहे. माहीमला मखदूम अली माहिमी यांचा दर्गा आहे. १३७२ ते १४३१ हा त्यांचा काळ. कुराणावर भाष्य लिहिणारा हा मोठा पंडित आपल्या कोकणातला. वाळकेश्वरचं बाणगंगा तळं, कुलाब्याचं १८५८ सालचं अफगाण चर्च, काळा घोड्याजवळचं १८८४ सालचं ज्यू लोकांचं सिनेगॉग, ही सगळी या शहराची पानं आहेत. आम्ही तिथे गेलो. तिथल्या माणसांनी चहा दिला, माहिती दिली. आम्ही आपल्या विहाराला यायचं निमंत्रण दिलं. काही जण आलेसुद्धा!

आता आपल्या अलीकडच्या इतिहासाकडे येऊ. लेण्यांनंतरचा मोठा खंड संपवून धम्म या शहरात पुन्हा जागा झाला, तो विसाव्या शतकात. आचार्य धर्मानंद कोसंबी मूळचे गोव्याच्या साखवाळचे. बुद्धाच्या शोधात नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश फिरले, पाली शिकले आणि शेवटी परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभा केला. मोठमोठ्या विद्यापीठांत शिकवलेला माणूस गिरणी कामगारांमध्ये येऊन बसला. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाच्या आवारात डॉ. आनंदराव नायर यांनी उभारलेला आनंद विहार आहे. वरळीला जपानी बुद्ध मंदिर आहे. त्या पंथाचे गुरू निचिदात्सु फुजी १९३१ साली भारतात आले, गांधीजींच्या आश्रमातही राहिले. त्या मंदिरातला ढोल ऐकत शांत बसावं. भाषा कळत नाही, तरी मन स्थिर होतं.

बाबासाहेबांच्या पावलांनी ही यात्रा करायची तर परळपासून करावी. प्लेगनंतर मुंबई सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, त्या ट्रस्टची बी. आय. टी. चाळ. पहिल्या क्रमांकाच्या चाळीतल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी सुमारे बावीस वर्षे काढली. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला तिथेच आले होते. रमाबाईंचे सारे कष्ट त्याच खोल्यांत गेले. दोन खोल्यांत घर, अभ्यास आणि चळवळ कशी मावली असेल, हे तिथला जिना चढताना कळतं. मग दादर हिंदू कॉलनीतलं राजगृह. ग्रंथांसाठी बांधलेलं घर. मगधाच्या राजधानीचं नाव त्यांनी घराला दिलं. याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाईंनी शेवटचा श्वास घेतला. मग फोर्टमधलं सिद्धार्थ महाविद्यालय. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी महाविद्यालय सुरू झालं. इमारतींची नावं बघा, बुद्ध भवन आणि आनंद भवन. धर्मांतराच्या कितीतरी आधी बाबासाहेबांनी शिक्षणाच्या जागेला बुद्धांचं नाव दिलं होतं. परत परळला या आणि नरे पार्कच्या मैदानात उभे राहा. २४ मे १९५६ रोजी बुद्ध जयंतीच्या सभेत याच मैदानावर त्यांनी ऑक्टोबरमध्ये धम्मदीक्षा घेणार असल्याचं जाहीर केलं. आज तिथे मुलं क्रिकेट खेळतात. खेळू द्यावं. पण त्या मुलांना एवढी एक गोष्ट सांगून यावी.

शेवटी चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकाठी अंत्यसंस्कार झाले, तेव्हा भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून सुमारे लाखभर लोकांनी तिथेच धम्मदीक्षा घेतली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर त्रिशरण! पुढे भय्यासाहेबांच्या पुढाकाराने स्मारक उभं राहिलं आणि ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तिथलं तोरण सांचीच्या धर्तीवर आहे. ६ डिसेंबरच्या गर्दीला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे गाळे दाखवतो. डोक्यावर गाठोडं, पायात तुटकी चप्पल आणि पिशवीत चार पुस्तकं घेऊन गावी परतणारी ती बाई खरी धम्मयात्रा करते. भेटणं, देणं, विचारणं, तिन्ही तिच्यात आहे.

पण जागा आपोआप टिकत नाहीत. दादरचं आंबेडकर भवन, जिथे बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता, ते २५ जून २०१६ च्या पहाटे पाडलं गेलं. मोर्चे निघाले, निषेध झाला. तेव्हा आमच्यातल्या एका तरुणाने विचारलं, "पडायच्या आधी आपल्यातलं कोण तिथे आत गेलं होतं?" तीसातले चार हात वर झाले. दगडाचं स्मारक पडलं की दिसतं तरी. माणसांतली आठवण पडते, तिचा आवाजही होत नाही. १९५६ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. नरे पार्कची सभा आठवणारे, अंत्ययात्रेत खांद्यावर बसून गेलेले किती जण उरले असतील? अशोकाने धम्मयात्रेत वडीलधाऱ्यांना भेटायला सांगितलं, ते उगाच नाही.

म्हणून आमच्या चार विनंत्या आहेत.

पहिली, विहारातर्फे महिन्यातला एक रविवार यात्रेसाठी ठरवावा. एका दिवसात एकच भाग घ्यावा. एका रविवारी कान्हेरी, दुसऱ्या रविवारी कोंडिवटे आणि मागाठाणे, तिसऱ्या वेळी फोर्टमधलं संग्रहालय आणि सिद्धार्थ महाविद्यालय, चौथ्या वेळी परळ-दादर, पाचव्या वेळी सोपारा. गोराईचा विपश्यना पॅगोडा एखाद्या दिवशी स्वतंत्रपणे करावा. ८ फेब्रुवारी २००९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. आत एकही खांब नसलेल्या त्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. कान्हेरीच्या कारागिरांच्या नातवंडांनी अजून हात टाकलेला नाही, हे तिथे दिसतं.

दुसरी, लेण्यात मेणबत्ती, अगरबत्ती लावू नये, रंग-चुना फासू नये, हार-फुलं टाकून येऊ नये. काजळीने चित्रं जातात. वंदना तोंडाने होते. येताना प्लॅस्टिक गोळा करून आणावं. तेच आजचं देयधम समजा.

तिसरी, प्रत्येक यात्रेत एक शाळकरी मूल आणि एक म्हातारं माणूस बरोबर असावं. मुलाने वहीत लिहावं. म्हाताऱ्याने सांगावं.

चौथी, विहारात एक जाड वही ठेवावी. आपल्या वस्तीतल्या वृद्धांनी पाहिलेल्या सभा, मोर्चे, चाळी, पाडलेल्या आणि उरलेल्या जागा यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत त्या वहीत उतरवाव्या. पुढच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत त्यातली दहा पानं छापावीत. कल्याणच्या सोनाराचं दान आपल्याला कळलं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. आपल्या आजींच्या विहिरीची गोष्टही कुणीतरी लिहून ठेवली पाहिजे.

पहिली यात्रा येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कान्हेरीला आहे. सकाळी साडेसातला विहाराच्या दारात जमायचं. पाण्याची बाटली, भाकरी-चटणी आणि वही-पेन्सिल एवढंच बरोबर घ्यावं. नावं आजच समितीकडे द्यावीत. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी तरुण मंडळींनी हात देण्याचं कबूल केलं आहे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम.